कितींपैकी किती? पावसाच्या नोंदीतून सांख्यिकी आणि संभाव्यता



सातवीच्या गणितात 'सांख्यिकी' येते आणि दहावीत 'संभाव्यता' हे वेगळं प्रकरण येतं. तोपर्यंत मुलांची सूत्रं पाठ झालेली असतात. "सरासरी म्हणजे काय?" असं विचारलं की "सर्व संख्यांची बेरीज भागिले एकूण संख्या" हे उत्तर एका दमात येतं. पण "मग या सरासरीवरून तुला काय कळलं?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. गणित सुटतं, आकडा मात्र बोलत नाही.

या दोन्ही प्रकरणांच्या मुळाशी एकच साधा प्रश्न आहे, असं मला वाटतं: कितींपैकी किती? सरासरी सांगितली तर ती किती जणांची, किती दिवसांची? शक्यता सांगितली तर ती किती शक्यतांपैकी? हा प्रश्न विचारायची सवय तिसरी-चौथीपासून लावता येते. त्यासाठी सूत्र लागत नाही. आणि आपल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात त्यासाठी लागणारं साहित्य जूनपासून आभाळातून फुकट मिळतं.

२९ जून हा आपल्या देशात राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळतात. प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा तो जन्मदिवस (१८९३). कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था त्यांनी १९३१ मध्ये उभी केली. त्याआधी काही वर्षं त्यांनी अलीपूरच्या वेधशाळेचं कामही पाहिलं होतं. म्हणजे पावसाचे आकडे आणि सांख्यिकी यांचं नातं जुनंच आहे. शाळा नुकतीच सुरू झालेली असते, पाऊसही लागलेला असतो. या दिवसापासून पुढचा उपक्रम सुरू करायला हरकत नाही.

१. आधी माहिती, मग गणित

पुस्तकातल्या उदाहरणात आकडे आयते असतात. आयत्या आकड्यांवर मुलांचा जीव जडत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे मुलांनी स्वतः आकडे गोळा करायचे.

पर्जन्यमापक घरी तयार होतो. सरळ बाजू असलेली प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून तो नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. बाटलीचा तळ खाली-वर असतो, म्हणून तळाशी खडे टाकून ते बुडेपर्यंत पाणी भरायचं आणि त्या पातळीवर शून्याची खूण करायची. बाहेरून मोजपट्टी चिकटवली की झालं. बाटली मोकळ्या जागी ठेवायची, झाडाखाली किंवा पागोळ्यांखाली नको. वाऱ्याने पडू नये म्हणून भोवती विटा लावायच्या. रोज ठरलेल्या वेळी नोंद घ्यायची आणि पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणायचं. हवामान खातं सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतं. आपल्याला ती वेळ जमली नाही तरी चालेल, पण वेळ रोज तीच हवी.

इथे मुलं हमखास विचारतात, "पाऊस मिलिमीटरमध्ये का? पाणी तर लिटरमध्ये मोजतात." उत्तर सोपं आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडलं. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे एका गुंठ्यावर २० मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे २,००० लिटर पाणी पडलं. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहावे लागतात, त्या मुलांना हा आकडा लगेच समजतो.

२. सरासरी सारखी, पण आठवडा वेगळा

आता फळ्यावर दोन आठवड्यांचा पाऊस लिहूया. आकडे मिलिमीटरमध्ये आहेत आणि गणित सोपं जावं म्हणून घेतलेले आहेत.

पहिला आठवडा: २०, १८, २२, १९, २१, २०, २०
दुसरा आठवडा: ०, ०, ०, १३०, १०, ०, ०

दोन्हींची बेरीज १४०. दोन्हींची सरासरी १४० ÷ ७ = २० मिलिमीटर. परीक्षेत दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण मिळतील. पण भाताची आवणी करणाऱ्या घरातल्या मुलाला विचारा, यातला कोणता आठवडा चांगला? तो क्षणात पहिला म्हणेल. दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस वाट बघण्यात गेले आणि चौथ्या दिवशी बांध फुटले, रोपं वाहून गेली. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला की त्याला अतिवृष्टी धरतात. दुसऱ्या आठवड्यात अतिवृष्टी झाली होती, पण '२०' या आकड्यात ती कुठेच दिसत नाही.

म्हणून सरासरीबरोबर आणखी तीन गोष्टी विचारायच्या:

मध्यक: आकडे चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा. दुसरा आठवडा लावून बघा: ०, ०, ०, ०, ०, १०, १३०. सातांपैकी चौथा आकडा ०. म्हणजे मध्यक शून्य.

बहुलक: सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा. इथेही ०. सातांपैकी पाच दिवस कोरडे.

विस्तार: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक. पहिल्या आठवड्यात २२ – १८ = ४, दुसऱ्यात १३० – ० = १३०.

पहिल्या आठवड्यात सरासरी, मध्यक आणि बहुलक तिन्ही २० येतात. तिथे कोणताही आकडा सांगितला तरी फसवणूक होत नाही. दुसऱ्यात सरासरी २०, मध्यक ०, बहुलक ०. जिथे हे तीन आकडे एकमेकांपासून लांब जातात, तिथे एखादा मोठा आकडा सरासरीला आपल्याकडे ओढतोय असं समजायचं. एवढं मुलांना दिसलं की 'मध्यक कशाला शिकायचा?' हा प्रश्न उरत नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर आपल्या जिल्ह्याचं. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेला येवल्याकडे पाचशेच्या आसपास. 'जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस' ही बातमी वाचून ना इगतपुरीचं खरं कळतं, ना येवल्याचं. तिसरीच्या परिसर अभ्यासात जिल्ह्याचा नकाशा असतोच. तो समोर ठेवून "ही सरासरी कुणाची?" हा प्रश्न विचारा.

३. सरासरीवर घर चालतं तेव्हा

'सरासरी निकालपत्रात असते' एवढंच मुलांना माहीत असतं. पण तालुक्यातल्या कित्येक घरांचे पैसे एका सरासरीवर ठरतात, ते पीक विम्याच्या 'उंबरठा उत्पन्ना'वर. हे गणित सातवीच्या मुलाला येतं, म्हणून ते वर्गात जरूर घ्यावं.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या उत्पादनाची सरासरी काढतात आणि तिला जोखीम स्तराने गुणतात. जोखीम स्तर ७० टक्के धरून एक उदाहरण करूया. एका महसूल मंडळातलं भाताचं हेक्टरी उत्पादन सात वर्षं असं आहे असं समजू (क्विंटलमध्ये):

२२, १८, ९, २४, २०, १२, १६

यातली ९ आणि १२ ही दोन वाईट वर्षं वगळायची. उरलेले: २४ + २२ + २० + १८ + १६ = १००. सरासरी १०० ÷ ५ = २०. त्याचे ७० टक्के १४. हे झालं उंबरठा उत्पन्न. यंदा मंडळाची सरासरी १०.५ क्विंटल आली तर तूट ३.५ ची. ३.५ ÷ १४ = ०.२५, म्हणजे विमा रकमेच्या २५ टक्के भरपाई.

आता मुलांना दोन प्रश्न द्या.

पहिला: वाईट वर्षं वगळली नसती तर? सातही वर्षांची बेरीज १२१, सरासरी सुमारे १७.३, त्याचे ७० टक्के सुमारे १२.१. उंबरठा खाली आला असता आणि शेतकऱ्याची भरपाई कमी झाली असती. कोणते आकडे सरासरीत घ्यायचे यावर पैसा ठरतो.

दुसरा: मंडळाची सरासरी १५ आली, पण ओढ्याकाठच्या एका शेतकऱ्याचं उत्पादन फक्त ५ क्विंटल झालं. त्याला या हिशेबात काय मिळेल? काहीच नाही, कारण १५ हे १४ पेक्षा जास्त आहे. इथे वर्गात गलका होतो, "हे बरोबर नाही!" होऊ द्यावा. सरासरी खोटी नाही, हिशेबही चुकलेला नाही. पण ती मंडळाची सरासरी आहे, त्या एका शेताची नाही. ही गोष्ट पोटतिडकीने कळली की मूल ती आयुष्यभर विसरत नाही.

४. नमुना: भाताची परीक्षा शितावरून

मंडळातलं प्रत्येक शेत कापून कोण मोजतं? कुणीच नाही. काही शेतं निवडतात, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखतात, तेवढंच पीक कापून, झोडून वजन करतात. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा करायची हीच रीत. पण पातेलं नीट ढवळलेलं असेल तरच एक शीत सगळ्या भाताची खबर देतं.

हे 'ढवळणं' म्हणजे यादृच्छिक निवड. कोणतं शेत घ्यायचं आणि शेतात तुकडा कुठे आखायचा, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवायचं. रस्त्याकडेचं बरं दिसणारं शेत घ्यायचं नाही आणि ओळखीच्या माणसाचंही घ्यायचं नाही.

आपल्याकडे ही पद्धत पक्की करण्यात पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. त्यांचा जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते लंडनला गेले, परत आल्यावर त्यांनी कृषी संशोधनात सांख्यिकीचं काम उभं केलं आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले. १९४० च्या दशकात त्यांनी दाखवलेली एक गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. कापणीचा तुकडा फार छोटा घेतला तर उत्पादन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं. का? तुकड्याच्या रेषेवर येणारी रोपं मोजायची की सोडायची, असा प्रश्न आला की हात ती आत घेण्याकडे झुकतो. तुकडा छोटा असला की त्याच्या मानाने कडेची रोपं जास्त, म्हणून चूकही जास्त. यात कुणी मुद्दाम खोटं करत नाही, तरी आकडा वाढतो.

त्र्यंबकच्या मुलांसाठी दुसरं उदाहरण घरचंच. तिसऱ्या श्रावणी सोमवारी बसस्थानकाजवळ उभं राहून गाड्या मोजल्या आणि "आमच्या गावात रोज एवढ्या गाड्या येतात" असं लिहिलं, तर चालेल का? दुसरीतलं पोरगंही हसेल. ब्रह्मगिरीच्या फेरीची गर्दी आणि भाद्रपदातला एखादा साधा मंगळवार यांत किती फरक असतो, ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग त्यालाच विचारा, "वर्षाचा अंदाज हवा असेल तर कोणकोणत्या दिवशी मोजशील?" सण, सुट्टी, साधा दिवस, पावसाळा, उन्हाळा अशी यादी मुलं स्वतः करतात. नमुना कसा निवडावा हे तिथेच शिकून होतं. मोजताना ताळ्याच्या खुणा (चार उभ्या, पाचवी आडवी) वापरल्या की वारंवारता सारणीही तयार.

५. संभाव्यता: दोन शक्यता म्हणजे निम्मी-निम्मी नव्हे

आता 'कितींपैकी किती' हा प्रश्न पुढे नेऊ. फाशावर ६ अंक. त्यातला ४ पडण्याची संभाव्यता सहापैकी एक, म्हणजे १/६. सम अंक पडण्याची सहापैकी तीन, म्हणजे १/२. जे घडणारच नाही त्याची संभाव्यता ०, जे घडणारच आहे त्याची १. बाकी सगळं यांच्या मध्ये.

मुलं इथे एक गंमत करतात. "आज पाऊस पडेल किंवा पडणार नाही. दोनच गोष्टी. म्हणजे ५० टक्के!" त्यांना विचारा, "त्र्यंबकला जुलैतही ५० टक्के आणि फेब्रुवारीतही ५० टक्के?" उत्तर त्यांचं त्यांनाच सापडतं. शक्यता दोन असल्या तरी त्या सारख्या वजनाच्या असतीलच असं नाही. नाणं आणि फासा यांच्या शक्यता समसंभाव्य असतात, म्हणून तिथे नुसतं मोजून भागतं. बाटलीचं झाकण उडवून बघा. ते पालथं पडतं की उताणं? इथे मोजणी करूनच कळेल. शंभरदा उडवा, नोंद करा, मग बोला. पावसाचंही तसंच, मागच्या नोंदी लागतात.

हवामान खात्याच्या अंदाजातले शब्दही 'कितींपैकी किती'च सांगतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के. 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे ७५ टक्क्यांहून जास्त. समजा जिल्ह्यात ४० केंद्रं आहेत आणि अंदाज 'तुरळक ठिकाणी मुसळधार' असा आहे. तर जास्तीत जास्त १० केंद्रांवर जोराचा पाऊस, आणि तीसेक केंद्रांवर तो नसणं हेही अंदाजाला धरूनच आहे. आपल्या अंगणात पाऊस पडला नाही म्हणून "वेधशाळा चुकली" म्हणायच्या आधी एवढं पाहावं.

६. नाण्याला आठवण नसते

वर्गात ३० मुलं असतील तर प्रत्येकाने १० वेळा नाणं उडवायचं आणि छापे मोजायचे. कुणाला ३ येतील, कुणाला ७, कुणाला ५. बरोबर ५ छापे फार थोड्यांना येतात. त्याची संभाव्यता २५२/१०२४ आहे, म्हणजे चारात एकपेक्षाही थोडी कमी. मात्र सगळ्या वर्गाची ३०० वेळची बेरीज केली की छापे १५० च्या जवळपास येतात. थोड्या वेळा उडवलं तर आकडा भटकतो, पुष्कळ वेळा उडवलं की तो निम्म्याच्या जवळ स्थिरावतो.

यातूनच एक पक्का गैरसमज जन्माला येतो. सापशिडी खेळताना मूल म्हणतं, "बाई, कधीपासून सहा पडलाच नाही, आता पडणारच!" नाही. फाशाला मागचं काही आठवत नाही. बारा वेळा सहा पडला नसला तरी तेराव्या वेळी संभाव्यता १/६ च. पुढच्या शेकडो फेकींच्या गर्दीत ती बारा फेकींची उणीव किरकोळ होऊन जाते. फासा ती मुद्दाम भरून काढायला जात नाही.

पालकहो, हा मुद्दा सापशिडीपुरता नाही. "दोन मुली झाल्या, आता तिसऱ्या खेपेला मुलगाच" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. ते म्हणणारं माणूस प्रेमाने म्हणत असेल, पण गणित साफ चुकीचं आहे. प्रत्येक खेपेला मुलगा किंवा मुलगी होण्याची संभाव्यता साधारण निम्मी-निम्मी. आधीच्या दोन मुलींचा तिसऱ्या खेपेवर काहीही परिणाम नाही. दोन मुली असलेल्या शंभर घरांत तिसरं मूल झालं, तर साधारण पन्नास घरांत पुन्हा मुलगीच येईल.

इथे कुणी चलाख मूल विचारतं, "पण बाई, तीनही मुली होण्याची संभाव्यता तर आठात एक ना?" बरोबर. १/२ × १/२ × १/२ = १/८. पण हा हिशेब पहिल्या बाळाच्या आधी बसून केलेला. दोन मुली झाल्यावर आठांपैकी सहा शक्यता गळून गेल्या. उरल्या दोन: मुलगी-मुलगी-मुलगी आणि मुलगी-मुलगी-मुलगा. दोनांपैकी एक. बघा, प्रश्न पुन्हा तोच, कितींपैकी?

या चुकीच्या गणिताची किंमत कोण मोजतं? त्या बाईचं शरीर. आणि 'मुलगा होईल म्हणून' जन्माला आलेली ती तिसरी मुलगी, जी उद्या आपल्या वर्गात पहिल्या बाकावर बसणार असते. मुलगा-मुलगी समान हे आपण सांगतोच, सांगायलाच हवं. त्याच्या जोडीला गणितही सांगावं. उपदेश या कानाने ऐकून त्या कानाने सोडला जातो. स्वतः उडवलेल्या नाण्याशी मात्र भांडता येत नाही.

वर्गात आणि घरी करून पाहा

१. (तिसरी-चौथी) आठवडाभर पावसाची नोंद करा. एका थेंबाचं चित्र म्हणजे ५ मिलिमीटर धरून चित्रालेख काढा.

२. (पाचवी-सहावी) घरातल्या माणसांची वयं लिहा. सरासरी आणि मध्यक काढा. आजी किंवा आजोबांचं वय काढून पुन्हा करा. कोणता आकडा जास्त हलला? का?

३. (सातवी) वरच्या विमा उदाहरणात ९ च्या जागी १९ घ्या. आता कोणती दोन वर्षं वगळाल? उंबरठा उत्पन्न किती येईल? (१२ आणि १६ वगळायची. बेरीज १०३, सरासरी २०.६, उंबरठा १४.४२.)

४. (सहावी-सातवी) दोन फासे एकदम टाका, बेरजेची नोंद ५० वेळा करा. सर्वांत जास्त वेळा कोणती बेरीज येते? मग सगळ्या ३६ जोड्या लिहून बघा. (७ ही बेरीज ६ जोड्यांनी होते, २ ही बेरीज एकाच जोडीने.)

५. (पालकांसाठी) वर्तमानपत्रातला किंवा व्हॉट्सॲपवर आलेला कोणताही एक आकडा मुलासोबत वाचा आणि तीन प्रश्न विचारा: हा आकडा कुणाचा? कितींपैकी? आणि तो गोळा कसा केला?

हे तीन प्रश्न विचारता येऊ लागले की सूत्रं पुढच्या इयत्तांत आपोआप जागेवर बसतात. पाऊस लागायच्या आत बाटल्या तेवढ्या जमवून ठेवा.